उद्योजकतेची पदवी घेताय? या चुका टाळा

बीबीए किंवा एमबीएला उद्योजकता घेतली की घरचे विचारतात, "मग नोकरी कुठे?" प्रश्न रास्त आहे, त्यावर चिडू नका.

पहिली चूक प्रवेशातच होते. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. बारावीच्या निकालापर्यंत थांबलात तर अर्जाची मुदत निघून जाऊ शकते.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे तीन वर्षं नुसते प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणं. कॉलेजच्या स्टॉलवर मित्र आणि मावश्या माल घेतात, तो प्रेमापोटी. अनोळखी दुकानदार दुसऱ्यांदा ऑर्डर देतो का, ते बघा. तिथेच उधारी कळते. कच्चा माल रोखीने घ्यायचा आणि दुकानदार पैसे देणार दीड महिन्याने; कागदावर नफा दिसतो आणि गल्ला रिकामा असतो. हे वर्गात समजत नाही, म्हणून छोटा का होईना, माल विकाच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. आपल्या हक्काची ही गोष्ट मुलांना ठाऊकच नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जासोबत अनुदान देणारी केंद्र सरकारची योजना, हिच्याबद्दलही गैरसमज आहेत. त्यासाठी पदवी लागत नाही. मोठ्या प्रकल्पालाही आठवी पास पुरते. यातलं पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगासाठी आहे, त्यामुळे धंदा आधी सुरू करून मग अर्ज केला तर तो बाद होतो. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे, पण ते हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षं अडकून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन नीट विचारा. 'उद्यम' ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका.

आणि पास होताच कंपनी काढलीच पाहिजे, असं कोणी सांगितलं? बँकांचे लघुउद्योग कर्ज विभाग, नव्या उद्योगांना आधार देणारी इनक्युबेशन सेंटर, 'उमेद' या सरकारी अभियानासारखं बचत गटांचं काम, नव्या कंपन्यांतली विक्री, घरचा धंदा, या सगळीकडे हिशेब समजणारी माणसं लागतात. मुलाखतीला जाताना स्वतःच्या विक्रीचा हिशेब सोबत न्या. किती माल गेला, किती परत आला, किती वसुली राहिली, हे त्यात स्पष्ट दिसू द्या.