कमांडनंतर काय दिसेल, तेही लिहा

नवख्यांसाठी सॉफ्टवेअरची माहिती लिहिताना नुसती कमांड, म्हणजे संगणकाला टाइप करून द्यायची आज्ञा, देऊन थांबू नका. ती चालल्यावर स्क्रीनवर काय दिसायला हवं, तेही लगेच खाली लिहा. लिनक्स या संगणकप्रणालीच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड टाइप करताना बहुतेक वेळा काहीच उमटत नाही, साधे ठिपकेही नाहीत. नवख्याला वाटतं कीबोर्डच अडकला, आणि तो तिथेच नाद सोडतो. ‘अक्षरं दिसणार नाहीत, तरी टाइप करून एंटर दाबा’ एवढं लिहिलंत की तो पुढे सरकतो. टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला आपोआप दिसणारं डॉलरचं चिन्ह ($) कमांडच्या आधी लिहिलं असेल, तर तेही काढून टाका. लोक तेही कॉपी करतात आणि ‘कमांड नॉट फाउंड’ असा एरर येतो. ‘अगदी सोपं आहे’ असं तर कुठेच लिहू नका. ज्याचं अडलंय, त्याच्या मनाला ते फार लागतं.