पालथ्या पाटावरून कमान कशी उतरवावी: गौदीची दोऱ्यांची युक्ती घरच्या घरी

बार्सिलोनाचा वास्तुकार अंतोनी गौदी (१८५२–१९२६) याची इमारत पाहिली की आधी तिचे रंग, फुटक्या फरशांचे तुकडे आणि वळणदार बाल्कन्या डोळ्यांत भरतात. खरी करामत त्यांच्या खालच्या सांगाड्यात आहे, आणि ती करून पाहायला एक पाट, थोडा दोरा आणि एक मोकळी दुपार पुरते. गौदी तांबटाच्या घरातला. सपाट पत्र्याला वडील भांड्याचा आकार देत ते पाहतच तो वाढला आणि आकाराची जाण आपल्याला तिथूनच आली असं सांगायचा. त्यामुळे त्याची पद्धत हातांनी शिकलेलीच बरी.

साहित्य: जुना लाकडी पाट, सारख्या उंचीची दोन स्टुलं, चार स्क्रू-हुक, बारीक साखळी (इमिटेशन दागिन्यांच्या दुकानात मिळते), पांढरा सुती दोरा, मूठभर छोटे नट, एक आरसा आणि औषधाच्या दुकानातली प्लास्टरची पट्टी, म्हणजे हाड मोडल्यावर बांधतात तीच.

१. पाट पालथा घाला
बसायची बाजू जमिनीकडे करून पाट दोन स्टुलांवर टेकवा. त्या बाजूला चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर हुक बसवा. समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांत ३० सेंमी अंतर ठेवा.

२. साखळी सोडा
४५ सेंमी साखळीची दोन टोकं तिरक्या कोपऱ्यांतल्या हुकांना अडकवा. मधे ती साधारण १५ सेंमी खाली येईल. आता ६० सेंमीची साखळी लावून पाहा, झोळ २४ सेंमीच्या आसपास जातो. आकार तुम्ही ठरवलेला नाही, फक्त लांबी ठरवली. बाकीचं काम साखळीच्या वजनाने केलं.

खाली जमिनीवर आरसा ठेवा आणि त्यात बघा. लोंबणारी साखळी आरशात उभी कमान दिसते. साखळीला फक्त ताण सोसता येतो. तोच आकार उलटा करून विटांत बांधला की ताणाच्या जागी दाब येतो. विटेला आणि दगडाला दाब चालतो, ताण सोसत नाही. इंग्लंडचा शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने हे १६७५ मध्येच मांडलं होतं, तेव्हा तत्त्व गौदीचं नाही. पण त्यावर अख्खं चर्च तोलून बघायचा हट्ट मात्र त्याचाच. बार्सिलोनातल्या कासा मिला या त्याच्या इमारतीच्या माळ्यावर अशा विटांच्या २७० कमानी एकामागोमाग उभ्या आहेत. तो माळा वरच्या प्रसिद्ध गच्चीपेक्षा मला जास्त आवडतो.

३. वजनं लावा
साखळी काढून तेवढाच दोरा बांधा आणि त्यावर सारख्या अंतराने नट लटकवा. मग एकाच बाजूला दोन नट वाढवा. त्या जागी दोऱ्याला टोक येईल आणि दुसरी बाजू वर ओढली जाईल. भार बदलला की कमानीची योग्य रेषा बदलते, ती अशी.

एउसेबी ग्वेल या कापड गिरणीमालकाने गिरणी कामगारांच्या वसाहतीसाठी चर्च बांधायचं काम १८९८ मध्ये गौदीकडे सोपवलं. जागा बार्सिलोनाजवळच्या सांता कोलोमा दे सेर्व्हेयोची. तिथल्या एका शेडमध्ये त्याने दोऱ्यांचा प्रचंड नमुना टांगला. मापं दहापट लहान आणि वजनं दहा हजारपट हलकी, म्हणजे १ ग्रॅम बरोबर १० किलो. दोऱ्यांना छर्ऱ्यांनी भरलेल्या पिशव्या लटकत होत्या.

४. एका दोऱ्याला दुसरा बांधा
इथे घाई नको. उरलेल्या दोन हुकांमध्ये दुसरा दोरा फुलीसारखा सोडा आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे गाठ मारा. नंतर एखाद्या दोऱ्याच्या मधल्या बिंदूवरून छोटा दोरा शेजारच्या दोऱ्यापर्यंत न्या आणि त्यावर नट लावा. एक गाठ सरकवली की सगळी जाळी हलते. एक नीट करावं तर तिसरं बिघडतं. गौदीच्या नमुन्याला जवळपास दहा वर्षं का लागली हे इथे कळतं. जो दोरा सैल पडतो तो भार घेत नाही, तो कापून टाका. जो तिरका ताणला जातो, तिथे खांबही तिरकाच हवा. गौदीच्या इमारतींतले कललेले खांब हौसेने कललेले नाहीत.

समाधान झालं की फोटो काढून मोबाइलवर उलटा करा. गौदीही नमुन्याचे फोटो काढून उलटे धरायचा आणि त्यांवर रंगाने भिंती, खिडक्या काढायचा.

५. कमान गोठवा
नट आणि जोडदोरे काढा, फक्त फुलीचे दोन दोरे ठेवा. प्लास्टरच्या पट्टीच्या दोन बोटं रुंद चिंध्या पाण्यात बुडवून दोऱ्याभोवती गुंडाळा, तीन-चार थर. ओल्या पट्टीच्या वजनाने दोरा स्वतःच आकार घेतो, त्याला हाताने सरळ करू नका. हुकांपाशी जास्त पट्टी लावून पाय जाड करा. पट्टी काही मिनिटांत आवळते, पण पूर्ण वाळायला एक दिवस द्या. खाली वर्तमानपत्र पसरा; सांडलेलं प्लास्टर मोरीत ओतलं तर पाइप तुंबतो.

६. पाट सुलटा करा
दोघांनी मिळून पाट उचला आणि उलटवून जमिनीवर ठेवा. चार पायांची कमान वर उभी राहील. कमानीचे पाय बाहेर सरकू पाहतात, पण हुकांमुळे ते पाटाला धरलेले आहेत. माथ्यावर अलगद दाबा, कमान सहज सोसते. कुशीवर एकाच बाजूने जोर दिलात तर तडा जाईल, कारण तो भार घडवताना हिशेबात नव्हता.

ग्वेलच्या चर्चचं बांधकाम १९०८ मध्ये सुरू झालं आणि १९१४ मध्ये थांबलं. तळघर तेवढं झालं, वरचं चर्च कधी उभंच राहिलं नाही. पण बार्सिलोनाला गेलात तर प्लासा एस्पान्याहून लोकल पकडून ते तळघर जरूर बघा. बेसॉल्टचे कललेले खांब पाहताना चौथी पायरी आठवेल. मूळ नमुना टिकला नाही. त्याची नंतर केलेली प्रतिकृती साग्रादा फामिलिया या गौदीच्याच बार्सिलोनातल्या प्रसिद्ध चर्चच्या संग्रहालयात आहे. ती तिथे टांगलेली असल्याने अनेकजण तिला साग्रादाचाच नमुना समजतात, पण ती आहे या अर्धवट राहिलेल्या चर्चची.