घरात साप दिसला तर: नजर सापावर, हात लांब

साप दिसला की घरातले सगळे एकदम बाहेर पळतात. सर्पमित्र येतो तेव्हा साप कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग कपाटं सरकवत दोन तास जातात. म्हणून पहिलं काम ठरवून टाका: एका मोठ्या माणसाने सापावर नजर ठेवायची. मुलं, म्हातारी माणसं, कुत्रं-मांजर दुसऱ्या खोलीत. पहारेकऱ्याने 8 ते 10 फुटांवर उभं राहायचं. साप अंगाच्या साधारण निम्म्या लांबीपर्यंत झेप घेतो, त्यामुळे एवढं अंतर पुरतं. नाग फणा काढून उभा असेल तर हात-पाय न हलवता हळूच मागे सरका.

दिवा चालू राहू द्या. साप अंगणाच्या दाराजवळ असेल तर ते दार सताड उघडा, आतली दारं लावा आणि लांब व्हा. साप भिंतीच्या कडेकडेने सरकतो, वाट मोकळी दिसली की बरेचदा आपणच निघून जातो. आतल्या खोलीत असेल तर बाहेर येऊन दार ओढून घ्या आणि दाराखालच्या फटीत जुना टॉवेल गुंडाळून केरसुणीच्या दांड्याने बोळा बसवा. हाताने नको. पहारेकऱ्याने बाहेरून खिडकीतून लक्ष ठेवावं. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनमागे गेला तर काठीने ढोसू नका, तो अजून आत शिरतो. फिनेल, रॉकेल, गरम पाणी टाकलं तरी तेच होतं, वर साप बिथरतो.

आता फोन. महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे. वन विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राचा नंबर आधीच घरात लिहून ठेवलेला बरा. फोनवर नेमकं सांगा: कोणती खोली, अंदाजे लांबी, अंगावर पट्टे की ठिपके. झूम करून लांबून फोटो मिळाला तर पाठवा, फोटोसाठी जवळ जाऊ नका. आलेल्याने टोकाला आकडा असलेली काठी आणि पिशवी वापरून साप घ्यावा. गळ्यात घालून खेळ दाखवणारा आला तर त्याला टाळ्या देऊ नका.

ओळख पटवण्याच्या नादात सगळ्यात मोठी फसगत होते ती विषारी मण्यार आणि कवड्या यांच्यात. मण्यार चकचकीत काळी-निळसर, पांढरे पट्टे बारीक, बहुतेक जोडीजोडीने. डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे दाट होतात. कवड्या तपकिरी, पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. तो बिनविषारी आहे, भिंतीवर सरसर चढतो. पण लहान पिल्लात आणि अंधुक उजेडात जाणकारही चुकतात. त्यामुळे पट्टेवाला साप मण्यारच समजून वागा. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे ठिपके असतात आणि ती कुकरची शिट्टी सुटावी तशी जोरात फुत्कारते. कोकणातलं फुरसं एवढंसं असतं, अंगाची वळणं घासून करवतीसारखा आवाज काढतं. आकारावर जाऊ नका, तेही विषारीच. धामण मात्र लांबलचक असली तरी बिनविषारी, आणि उंदीर तीच संपवते.

मारण्याचा विचार सोडा. 1972च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे, आणि पुष्कळ चावे मारायला किंवा धरायला गेल्यावरच होतात. मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं.

चावलाच, तर अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय, हाड मोडल्यावर बांधतो तसा, फळीला सैल बांधा, माणसाला चालवू नका आणि 108 ला फोन करा. करकचून आवळपट्टी, ब्लेडने चीर, तोंडाने चोखणं, मांत्रिक: यातलं काहीही नको. आवळल्याने रक्तपुरवठा तुटतो, आणि सोडताना साचलेलं विष एकदम अंगभर पसरू शकतं. उपाय प्रतिविष, आणि ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी एकच असतं, म्हणून साप पकडून नेण्याची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. मण्यारीचा चावा बहुतेकदा झोपेत होतो, फारसा दुखत नाही, खूणही बरेचदा दिसत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी सांगत असेल आणि पापण्या जड होत असतील तर वाट पाहू नका, सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

पुन्हा येऊ नये म्हणून: दाराखालची फट पेन्सिलही जाणार नाही इतकी बुजवा, नहाणीच्या मोरीला बारीक जाळी लावा, सरपण आणि विटांचा ढीग भिंतीपासून लांब ठेवा, उंदरांचा बंदोबस्त करा, खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. लसणाचं पाणी, दोरीचं कुंपण, कार्बोलिक ॲसिड यांवर भरवसा ठेवू नका. त्या पैशात मोरीची जाळी येते.