१४.२ दिसलं म्हणजे बॅटरी भरली? या चुका टाळा

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली, सेल्फ मारला तर नुसती टकटक. शेजारचे भाऊ चार्जर आणतात, तासाभरात मल्टीमीटरवर १४.२ व्होल्ट दिसतं. "झाली नं फुल, काढ आता." दुसऱ्या सकाळी पुन्हा टकटक.

चार्जर चालू असताना दिसणारा आकडा चार्जरने लावलेला दाब असतो. बॅटरीत किती साठलं ते त्यावरून कळत नाही. चार्जर काढल्यावरही प्लेटांच्या वरवरचा चार्ज काही तास आकडा फुगवून ठेवतो. रात्रभर बॅटरी तशीच राहू द्या. घाई असेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबून मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी.

व्होल्टपेक्षा चार्जरवरच्या अँपिअरच्या (करंटच्या) काट्याकडे बघा, असं माझं मत. ३५ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीला साडेतीन अँपिअर पुरे. व्होल्टेज १४.४ वर स्थिरावलं आणि करंट घसरत एक अँपिअरच्याही खाली जाऊन तिथेच थांबला, की भरली. उतरलेल्या बॅटरीला त्यासाठी दहा-बारा तास लागतात. चहा पिऊन होईपर्यंत ती भरत नाही! उलट, लावल्या लावल्या व्होल्टेज १५ च्या पुढे गेलं आणि करंट नावालाच, तर प्लेटांवर सल्फेटचा थर जमलाय, बॅटरी चार्ज घेत नाही. आणि रात्रभर चार्ज करूनही मोजल्यावर साडेदहाच? सहापैकी एक सेल गेला. तिच्यावर आणखी वीज खर्च करू नका.

१४.४ हा आकडा साधारण २५ अंश तापमानासाठीचा. आपल्याकडे पारा ४५ वर असताना १४ च्या आसपासच थांबायला हवं, पण साध्या चार्जरला ते कळत नाही. तो रेटत राहतो, पाणी उडतं, हायड्रोजन सुटतो. म्हणून बंद खोलीत चार्जिंग नको, जवळ विडी-काडी नको. पाणी चार्जिंगनंतर भरा. प्लेटा उघड्या असतील तरच आधी, त्या बुडतील एवढंच. डिस्टिल्ड वॉटरच घाला, घरचं आरओचं नाही.

नागपुरात धरमपेठ ते सीताबर्डी एवढ्या छोट्या फेरीत एसी लावून बॅटरी भरत नाही. इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर मोजा: १३.८ ते १४.५ हवं. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खाली-वर होतो, तिथे घाबरू नका. पण जुन्या गाडीत १२.४ च राहत असेल, तर बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनित्र) आणि त्याचा बेल्ट तपासून घ्या.