दूषित जखमी दारात येतो तेव्हा: अणुवीज केंद्राच्या वैद्यकीय ड्रिलमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

अणुवीज केंद्राचे जखमी ज्या रुग्णालयात पाठवायचे ठरलेले असतात, तिथल्या आपत्कालीन विभागात नोकरी लागली की लवकरच ड्रिलच्या यादीत तुमचं नाव लागतं. परिचारिका म्हणून रुजू झाले तेव्हा मी अणू, समस्थानिकं आणि एककं घोकायला घेतली होती. त्यातलं फार थोडं उपयोगी पडलं. समोर मांडीतून रक्त वाहतंय, शेजारी किरणोत्सर्ग मोजणारं मीटर टिकटिकतंय, अशा वेळी तुमचा हात आधी कुठे जातो, हे ड्रिलमध्ये बघितलं जातं. तो मांडीवर जायला हवा. श्वासमार्ग, श्वसन, रक्तस्राव हा क्रम किरणोत्सर्गामुळे बदलत नाही. दूषित, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागलेल्या, रुग्णावर नेहमीची काळजी घेऊन उपचार करताना कर्मचाऱ्यांना मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा बहुधा अगदी किरकोळ असते. अपवाद एकच लक्षात ठेवा: जखमेत रुतलेला, जोरदार किरणोत्सारी धातूचा कण. तो बोटांनी उचलायचा नाही. लांब चिमट्याने काढून शिशाच्या डब्यात टाकायचा.

ड्रिलची सुरुवात केंद्रातून येणाऱ्या फोनने होते. नवा माणूस ‘किती रेडिएशन आहे?’ असं विचारतो आणि पलीकडून मिळालेला आकडा लिहून घेतो. त्या आकड्याने काहीच ठरत नाही. विचारायचं ते हे: जखम काय, शुद्धीवर आहे का, उलटी झाली का आणि कधी, दूषण शरीराच्या कोणत्या भागावर आहे, कपडे काढलेत का, घटना घडली तेव्हा तो नेमका कुठे आणि कशात उभा होता. शेवटचा प्रश्न फालतू वाटेल. २४ मार्च २०११ रोजी फुकुशिमाच्या तिसऱ्या अणुभट्टीच्या टर्बाइन इमारतीत तिघे कामगार केबल टाकत होते. जमिनीवर साचलेलं पाणी किरणोत्सारी होतं. दोघांच्या पायात आखूड बूट होते, पाणी आत शिरलं. अंगावर लावलेल्या, मिळालेली मात्रा मोजणाऱ्या डोसिमीटरचा गजर वाजला, पण तो बिघडला असेल असं समजून काम चालूच राहिलं. छातीवरच्या डोसिमीटरवर आलेली मात्रा सुमारे १७० ते १८० मिलिसिव्हर्ट (मात्रेचं एकक) होती. पण काळजी होती ती पावलांची, कारण पाण्यातल्या, त्वचेत थोडंच आत शिरणाऱ्या बीटा किरणांचा मारा थेट तिथल्या त्वचेवर झाला होता. छातीवरचा आकडा पायांची कथा सांगत नाही.

दुसरी गाठ सुरुवातीलाच सोडवून घ्या. किरणांचा मारा बसलेला माणूस आणि किरणोत्सारी धूळ किंवा पाणी अंगावर असलेला माणूस, हे दोन वेगळे रुग्ण आहेत. पहिल्याला धुऊन काही उपयोग नाही. त्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याचा स्वतःचा धोका मात्र मोठा असू शकतो. जपानमधल्या टोकाईमुरा इथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी युरेनियमच्या द्रावणात अचानक साखळी अभिक्रिया सुरू झाली. तिथल्या तिघांना प्रामुख्याने हाच मारा बसला आणि त्यातले दोघे पुढे दगावले. अशा रुग्णात उलटीची वेळ नोंदवायची आणि दर काही तासांनी रक्त तपासून लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किती वेगाने घसरतात ते बघायचं. दुसऱ्या रुग्णाचं दूषण काढता येतं. वीज केंद्रांच्या ड्रिलमध्ये बहुतेक वेळा हाच असतो: पडून हाड मोडलेला, जखमेसकट दूषित झालेला. काही वेळा परीक्षक मुद्दाम दोन्ही एकत्र करतात.

खोलीची तयारी हा सर्वांचा आवडता भाग, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ खाणारा. जमिनीवर प्लास्टिक अंथरा, चिकटपट्टीने सीमारेषा आखा, दाराशी मीटर घेतलेला माणूस उभा करा, नको ते सामान बाहेर काढा. वीस मिनिटं हाताशी असतील तर जरूर करा. रुग्ण दारात असेल आणि प्लास्टिक अर्धंच अंथरलेलं असेल, तर त्याला आत घ्या. मी अनेकदा उत्तम सजवलेली खोली आणि रॅम्पवर ताटकळलेला रुग्ण असं चित्र पाहिलंय. शिवाय ओल्या प्लास्टिकवरून पाय घसरतो, तो वेगळाच अपघात.

हातमोजे दोन जोड घालायचे. आतला गाऊनच्या बाहीला चिकटपट्टीने पक्का करायचा, बाहेरचा मोकळा ठेवायचा, म्हणजे दूषित भागाला हात लागला की लगेच बदलता येतो. डोसिमीटर गाऊनच्या आत पण वाचता येईल असा, गळ्यापाशी लावायचा. गर्भवती सहकाऱ्यांना या खोलीतलं काम देत नाहीत. हे आधीच सांगायचं असतं, ऐन वेळी सर्वांसमोर विचारायची वेळ येऊ नये.

कपडे काढले की बाहेरचं बहुतांश दूषण निघून जातं, प्रशिक्षणात ८० ते ९० टक्के असा अंदाज सांगतात. तो कापण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. कात्री डोक्याकडून पायांकडे चालवायची, चेहऱ्यापासून लांब. कापड बाहेरच्या बाजूला गुंडाळत न्यायचं, म्हणजे दूषित बाजू आत जाते. झटकायचं तर मुळीच नाही. चेर्नोबिलला १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्गजन्य आजार झाला, त्यातले २८ जण पहिल्या काही महिन्यांत गेले. बीटा किरणांनी त्वचेवर झालेल्या भाजण्याने अनेकांची अवस्था आणखी बिकट केली होती. ओले, दूषित कपडे अंगावर राहणं हे त्यामागचं एक कारण होतं. कात्री वेळेवर चालवणं हाही उपचारच आहे.

मग मोजणी. ड्रिलमध्ये खरं दूषण नसतं. शेजारी उभा असलेला नियंत्रक कागद बघून तुम्हाला आकडा सांगतो, तोही तुम्ही प्रोब, म्हणजे मीटरचा अंगावरून फिरवायचा भाग, योग्य जागी, योग्य वेगाने नेला तरच. त्वचेपासून सेंटिमीटरभर अंतर, सेकंदाला दोन-चार सेंटिमीटर, त्याहून घाई नाही. प्रोब त्वचेला टेकला की तोच दूषित होतो. नवखे प्रोब हवेत फिरवतात, नियंत्रक गप्प राहतो, आणि त्यांना वाटतं रुग्ण स्वच्छ आहे. आणखी एक पेच: काही पदार्थांतून निघणारे अल्फा कण रक्ताच्या किंवा पाण्याच्या पातळ थरातही अडतात, त्यामुळे ओल्या जखमेवर शून्य आलेला आकडा विश्वासाचा नाही.

चेहरा धुण्याआधी दोन्ही नाकपुड्यांचे वेगवेगळे स्वॅब घ्यायचे. नाक स्वतःला साफ करत असतं, तासाभरानंतर त्यातून फारसं कळत नाही. प्रत्येक नमुन्यावर वेळ लिहा. धुण्याचा क्रम जखम, मग तोंड-नाक-डोळे, मग अखंड त्वचा असा असतो, कारण जखमेतून पदार्थ आत जातो. आजूबाजूला आवरण घालून जखम सलाइनने धुवायची, पुन्हा मोजायचं. त्वचेला कोमट पाणी आणि सौम्य साबण. गरम पाण्याने रक्तप्रवाह वाढतो, घासल्याने त्वचा सोलवटते, आणि दोन्हींमुळे पदार्थ आत जाण्याची वाट मोकळी होते. मीटरवरचं वाचन पार्श्वभूमीच्या, म्हणजे आसपास नेहमीच असणाऱ्या किरणोत्सर्गाच्या, दुप्पट इतकं खाली आलं, किंवा दोन-तीन धुण्यांनंतर घसरेनासं झालं, की थांबायचं. ‘शून्य’ हवं म्हणून घासत राहणारा उत्साही सहकारी प्रत्येक तुकडीत एक असतोच.

औषधांचं ज्ञान ड्रिलमध्ये तोंडीच तपासतात. किरणोत्सारी आयोडीन-१३१ साठी पोटॅशियम आयोडाइड, प्रौढांना १३० मिलिग्रॅम, संपर्काच्या आधी किंवा नंतरच्या पहिल्या काही तासांत. सिझियमसाठी प्रशियन ब्लू. प्लुटोनियम आणि अमेरिशियमसाठी डीटीपीए, म्हणजे हे धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. शेवटच्याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतल्या हॅनफर्ड अणुप्रकल्पाचं. १९७६ मध्ये तिथे ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) स्फोट होऊन हॅरल्ड मॅक्लस्की या कामगाराच्या चेहऱ्यात काचेसकट अमेरिशियम-२४१ घुसलं. डीटीपीएवर ते दीर्घकाळ होते, आणि १९८७ मध्ये गेले ते हृदयविकाराने. त्यांना वेगळं ठेवावं लागलं, तरी माणसांनी जवळ जाऊनच त्यांची शुश्रूषा केली.

एक संधी मिळाली तर सोडू नका: खोटा रुग्ण व्हा. तासभर स्ट्रेचरवर कुडकुडत पडलं की कळतं, डोक्यावर आकड्यांची चर्चा चालू असताना कुणीच आपल्याशी बोलत नाही. कपडे का कापतोय, मीटर का वाजतंय, हे रुग्णाला सांगणं परीक्षकांच्या कागदावर असेलच असं नाही. तरीही करा. अंगाला चमकणारी पूड लावून ड्रिल घेतलं असेल तर शेवटी दिवे मालवून अतिनील दिवा फिरवतात. तेव्हा फोनचा रिसीव्हर, पेन आणि दाराची मूठ हमखास उजळतात.

रुग्ण सीमारेषेपलीकडच्या स्वच्छ स्ट्रेचरवर गेला की बहुतेकांना ड्रिल संपल्यासारखं वाटतं. अजून कर्मचाऱ्यांनी एकेक थर उतरवून मोजून घ्यायचं असतं, पिशव्यांना खुणा करायच्या असतात, कात्र्या तपासायच्या असतात. आणि रुग्णवाहिका? ती मोजून मोकळी केल्याशिवाय दुसऱ्या कॉलला जाऊ शकत नाही, चालकही तोवर तिथेच अडकतो. ती कोण मोजणार, केंद्राचा माणूस की रुग्णालयाचा, हे ड्रिलनंतरच्या बैठकीत नव्या माणसाने विचारावं. उत्तर लगेच आलं नाही, तर ते पुढच्या ड्रिलच्या आत लेखी मागून घ्या.