लेओने कायतानी यांचा अभ्यास कसा करावा

लेओने कायतानी (१८६९–१९३५) हे इस्लामच्या आरंभीच्या इतिहासाचे इटालियन अभ्यासक आणि रोममधील जुन्या उमराव घराण्याचे वारस. पोप आठवे बोनिफास याच घराण्यातले. तरीही चरित्र अभ्यासताना वंशावळीत फार अडकू नये. घरच्या संपत्तीमुळे त्यांना हस्तलिखितांची छायाचित्रे जमवता आली, विद्वान सहायक मिळवता आले आणि ‘अन्नाली देल्लिस्लाम’ (इस्लामचा वर्षवार इतिहास) हा ग्रंथ १९०५ ते १९२६ या काळात दहा खंडांत काढता आला, एवढे टिपून पुढे जावे.

अन्नाली पहिल्या पानापासून सलग वाचण्याचा अट्टहास धरू नये. त्याची मांडणी वर्षवार असल्याने एखादे हिजरी वर्ष निवडावे. उदाहरणार्थ, अरब आणि बायझंटाइन सैन्यांमधील यार्मूकच्या लढाईसाठी तिसरा खंड उघडावा, कारण त्यात हि. १३ ते १७ ही वर्षे आहेत. वहीच्या पानावर उभी रेघ ओढून डावीकडे अरबी इतिहासकारांचे कथन आणि उजवीकडे कायतानींचा अभिप्राय लिहावा. सैफ इब्न उमर या आधीच्या कथनकाराच्या आधारे इतिहासकार तबरी ही लढाई हि. १३ मध्ये घालतो, तर दुसरा इतिहासकार बलाझुरी ती हि. १५ (इ. स. ६३६) मधली मानतो. कायतानी सैफवर विश्वास ठेवत नाहीत. तो का ठेवत नाहीत, हे शोधताना त्यांची पद्धत जितकी कळते तितकी कोणत्याही प्रस्तावनेतून कळत नाही. बखरींचे पाठ ताडून पाहिलेल्या वाचकाला हे काम परके वाटणार नाही.

अरबस्तान कोरडा पडत गेल्याने अरब बाहेर पडले, हा त्यांचा सिद्धान्त मात्र उजव्या रकान्यातच ठेवावा. श्रद्धेच्या बळाला त्यांनी कमी लेखले, असे मला वाटते.

त्यानंतर चरित्राकडे परत यावे. १९०९ ते १९१३ या काळात ते इटलीच्या संसदेत होते आणि इटलीने १९११मध्ये लिबियात छेडलेल्या युद्धाला त्यांनी उघड विरोध केला. मुस्लिम जगाचा अभ्यास ज्याने आयुष्यभर केला, त्या माणसाची ही भूमिका मला त्यांच्या ग्रंथाइतकीच मोलाची वाटते. १९२१ मध्ये ते कॅनडातील व्हर्नन येथे स्थायिक झाले. १९३५ मध्ये फॅसिस्ट राजवटीने त्यांचे इटालियन नागरिकत्व काढून घेतले आणि त्याच वर्षी डिसेंबरात व्हँकुव्हर येथे त्यांचे निधन झाले.

अन्नाली हि. ४० मध्ये, हजरत अलींच्या हत्येच्या वर्षापाशी थांबते. पुढच्या घटनांचा काळ लावायचा असल्यास त्यांचीच ‘क्रोनोग्राफिया इस्लामिका’ ही कालसूची जवळ ठेवावी. ती उमय्या खलिफांच्या सत्तेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे हि. १३२ पर्यंत येते.