इकॉनॉमिक्सच्या प्रोफेसरला पीएचडीसाठी मेल करताय? आधी या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे प्रोफेसरच्या प्रोफाईलवर "लेबर, डेव्हलपमेंट" एवढे दोन शब्द वाचायचे आणि "तुमच्या रिसर्चमध्ये मला खूप इंटरेस्ट आहे" असा मेल ठोकून द्यायचा, वर तोच मेल नाव बदलून बाकीच्यांनाही. असे मेल पहिल्या ओळीतच ओळखू येतात हो!

इकॉनॉमिक्समध्ये पेपर जर्नलमध्ये छापून यायला कित्येकदा काही वर्षं जातात, म्हणजे तुम्ही ज्याचं कौतुक करताय त्या विषयातून माणूस कधीच बाहेर पडलेला असू शकतो. वर्किंग पेपर (जर्नलमध्ये छापून यायच्या आधीचे पेपर) बघा, ते एनबीईआर आणि एसएसआरएन या साईटवर किंवा प्रोफेसरच्या स्वतःच्या साईटवर मिळतात. अजून एक गंमत, इथे लेखकांची नावं बहुतेक वेळा आडनावाच्या अल्फाबेटने लागतात, त्यामुळे पहिलं नाव म्हणजे मुख्य लेखक असं धरून चालू नका.

प्रपोजलमध्ये "मला बेरोजगारीवर काम करायचंय" हे चालत नाही, तो विषय झाला, प्रश्न नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा 1994 चा पेपर घ्या. 1992 मध्ये न्यू जर्सीने किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तेवढंच राहिलं, मग दोन्हीकडच्या फास्ट फूड दुकानांतल्या नोकऱ्या आधी किती नि नंतर किती ते त्यांनी ताडून पाहिलं. प्रश्न छोटा, तुलना कोणाशी ते ठरलेलं, डेटा कुठून आणायचा तेही ठरलेलं. तुमच्या अर्ध्या पानात या तीन गोष्टी सापडल्या पाहिजेत, बाकी "लहानपणापासून अर्थशास्त्राची आवड" वगैरे सरळ उडवा.

आता गणित. इथेच जास्त जण आपटतात. पहिल्या वर्षाचे मायक्रो, मॅक्रो, इकॉनोमेट्रिक्स हे कोर्स प्रूफ्सनी भरलेले असतात, म्हणून ॲडमिशन कमिटी मार्कशीटवर मल्टीव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी आणि जमलं तर रिअल ॲनालिसिस शोधते. नसेल तर अप्लाय करायच्या आधी एखादा ग्रेड मिळणारा कोर्स करा, नुसते व्हिडिओ बघितले हे मार्कशीटवर दिसत नाही. जीआरई ही प्रवेश परीक्षा काही ठिकाणी लागते, काही ठिकाणी नाही, प्रत्येक डिपार्टमेंटचं पेज वेगळं वाचा.

रेकमंडेशन लेटर मोठ्या पदावरच्या माणसाचं घ्यायचा मोह होतो, पण त्याने तुमचं काम बघितलंच नसेल तर ते लेटर दोन ओळींचं आणि पोकळच येणार, त्यापेक्षा ज्यांच्याकडे थीसिस केला ते गाईड कधीही बरे.

रिप्लाय आला नाही? दोन आठवड्यांनी एकदा छोटा रिमाइंडर, बस. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ॲडमिशन कमिटी देते, एकटा प्रोफेसर नाही, त्यामुळे तिथे उत्तराची वाट न बघता फॉर्म भरून टाका. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात मात्र बऱ्याच ठिकाणी आधी सुपरवायझरचा होकार लागतो, तिथे गप्प बसलेल्या प्रोफेसरच्या मागे न लागता त्याच विषयातला दुसरा गाईड शोधा.